नागोरावांचे कॉम्प्युटर

राळेगावच्या एसटी डेपोत नागोराव मुनेश्वर हे नाव काढलं की आजही दोन-चार जुने मेकॅनिक हसतात. हसतात ते कौतुकानं, बरं का. या माणसानं सारी नोकरी ड्रायव्हरकी केली, पण हॉर्न मारून कधी कुणाला बाजूला काढलं नाही. पुढं बैलबंडी आली की यांची बस तिच्या मागं मागं, पाहुण्यासारखी. प्रवासी बोंबलायचे, कंडक्टर डोकं धरून बसायचा. "त्या बैलाले काय समजते आपला टाइम?" एवढं यांचं उत्तर. हट्टी म्हणाल तर हट्टी, आणि मवाळ म्हणाल तर इतका मवाळ की घरच्या मांजरीला 'सरक' म्हणतानाही अजीजी करील.

त्यांचा एकुलता एक मुलगा इंद्रजित. आई लवकर गेली, बापानं ड्युट्या बदलून बदलून पोरगा वाढवला. पोरगा नागपूरला कॉम्प्युटर शिकला आणि तिकडं नोकरी धरायची सोडून परत आला. घराच्या पुढच्या खोलीत त्यानं क्लास काढला. नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेले जुने कॉम्प्युटर त्यानं टेम्पोत घालून आणले. ते जाडजूड, मागं पोट सुटलेले, टीव्हीसारखे. त्या काळी तालुक्यात कॉम्प्युटर बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. खेड्यापाड्यातून सायकली मारत पोरंपोरी यायची, चपला बाहेर काढून, विहारात शिरावं तशी गप्प आत शिरायची. इंद्रजितचा 'इंद्रजित सर' झाला. पुढं साऱ्या जगात पातळ पडदे आले. सरांचे मात्र तेच राहिले. नवे घेऊ, नवे घेऊ, म्हणता म्हणता राहून गेलं.

आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सर गेले. ताप आला, दम लागला, यवतमाळला नेलं; परत घरी आणूही दिलं नाही. त्या धावपळीत त्यांचा फोन कुठं गेला कुणास ठाऊक. मागं राहिली बायको दीपा, नुकती चालायला लागलेली लेक सुरभी, म्हातारे नागोराव आणि पुढच्या खोलीत रांगेनं बसलेले ते कॉम्प्युटर.

जाण्याआधीच्या महिन्यांत, क्लास बंद होता तेव्हा, इंद्रजित बसून राहिला नव्हता. पुढच्या खोलीचं दार लावून तो धडे बोलून ठेवत होता. क्लास उघडला की पोरांना एकदम दाखवायचे, असा त्याचा बेत. एकदा नागोराव चहा घेऊन आत गेले तर काय, खुर्चीत इंद्रजित आणि समोर काचेतही इंद्रजित! खुर्चीतला गप्प होता आणि काचेतला बोलत होता. नागोराव चहा हातात धरून उभेच राहिले. पोरगा हसला. "बाबा, चहा थंडा होऊन राह्यला," म्हणाला. झालं, नागोरावांच्या डोक्यात पक्कं बसलं, पोराचं बोलणं त्या काचेमागं आहे. आपण तरी काय समजलो असतो हो? टीव्हीतलं टीव्हीत असतं, कॉम्प्युटरमधलं कॉम्प्युटरमध्ये.

पहिल्या स्मृतिदिनाला घरी भंतेजी येणार होते, माणसं बसणार होती. सतरंजी अंथरायला जागा हवी. दीपा पोरीला घेऊन माहेरी गेलेली, सकाळच्या गाडीनं यायची होती. नागोरावांनी एकट्यानंच खोली आवरायला घेतली. टेबलं भिंतीला सरकवली, कॉम्प्युटर ओळीनं मांडले, प्रत्येकावर धुतलेला पांढरा रुमाल टाकला. उरल्या टेबलांखालच्या काळ्या पेट्या, वायरींची भेंडोळी घेऊन पायात येणाऱ्या. आपल्याकडं लाइट कधी मिणमिणता तर कधी भडका, त्यामुळं घरोघरी फ्रिजखाली पेटी, टीव्हीखाली पेटी, स्टॅबिलायझरची. नागोरावांनी ह्याही त्यातल्याच धरल्या. कॉम्प्युटर बंद, मग लाइट सांभाळायच्या पेट्या ठेवायच्या कशाला? दारावरून भंगारवाला चाललाच होता. "घेऊन जा बापा, तेवढीच जागा होते," म्हणून त्यांनी साऱ्या पेट्या स्वतःच्या हातानं उचलून त्याच्या गाडीवर ठेवल्या. एक पैसा घेतला नाही. पोराच्या स्मृतिदिनाला कसले पैसे घ्यायचे!

सकाळी दीपा आली. खोलीकडं बघितलं, टेबलांखाली वाकून बघितलं, सासऱ्यानं पेट्या भंगारवाल्याला दिल्याचं सांगितलं ते ऐकलं, आणि चुलीपाशी गेली. दिवसभर आल्यागेल्याला चहा देत राहिली.

तेव्हापासून नागोरावांचा नेम ठरला. सकाळी वंदना झाली की मऊ फडका घ्यायचा आणि पुढच्या खोलीत जाऊन एकेक काच पुसायची. इंद्रजित ज्याच्यासमोर बसायचा तो 'सरांचा कॉम्प्युटर' सर्वात शेवटी, निवांतपणे. बटण दाबलं की त्याचा बारका दिवा लुकलुकायचा. काच काळीच राहायची, पण दिवा लुकलुकायचा. नागोरावांना तेवढ्यानं बरं वाटायचं. एकदा त्यांनी दीपाला विचारलंही, "काहून वं चालू होत नाही हे?" दीपा पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पासवर्ड लागते मामाजी. तो त्याईलेच माहीत होता." नागोरावांना पटलं. पोरगा कुलूप लावून गेला, किल्ली घेऊन गेला. पण चीज तर आत सुरक्षित आहे ना. मग घाई कशाची?

घाई झाली ती यंदा उन्हाळ्यात. दीपा बायकांच्या बचत गटात शिवणकाम करते. हात तिचा चांगला आहे, ब्लाउज शिवावा तर तिनंच. तिच्या गटाला शाळेचे ड्रेस शिवायचं काम मिळालं, मशिनी मिळाल्या, पण मशिनी मांडायला जागा कुणाकडं नाही. जागा होती ती एकच. दीपानं ते बोलायला किती दिवस काढले ते तिलाच माहीत. शेवटी एक दिवस जेवताना म्हणाली, "मामाजी, पुढची खोली लागंन आता. ते... कोणाले तरी देऊन टाकू का?"

भंगार हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. पण भंगारवाला रोज गल्लीतून फिरतो, आणि आजकाल तर तोही ओरडत नाही, त्याच्या गाडीवर भोंगा असतो आणि टेप केलेला आवाज सारखा चालू: टीव्ही द्या, फ्रिज द्या, कुलर, बॅटरी, कॉम्प्युटर द्या. तो आवाज आला की नागोराव दारात जाऊन उभे राहायचे, गाडी जाईपर्यंत. दीपाला म्हणाले, "देऊ. पण जो वापरंन त्यालेच देऊ. पोराच्या हातच्या चीजा हायत, फेकाच्या नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून म्हातारा भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून घर शोधायला निघाला. स्वतःसाठी नाही. कॉम्प्युटरांसाठी.

मुलांच्या वसतिगृहात गेले. तिथले साहेब चांगले, पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाले, "काकाजी, पोट्टे आता सारं फोनवर पाह्यतात. याले हातबी नाही लावत." एका ओळखीच्या दुकानदारानं तर कमालच केली. तो म्हणाला, "एक द्या मले. आतलं सारं काढतो, काच लावतो अन् मासे सोडतो. मस्त दिसते!" ज्या माणसानं कधी बैलाला हॉर्न मारला नाही तो माणूस त्या दिवशी भर बाजारात ओरडला. "तुह्या घरच्या फोटोत सोड मासे!" म्हणाला आणि तरातरा घरी आला. मग संध्याकाळभर पश्चात्ताप करत बसला, की बिचाऱ्याला उगाच बोललो.

एका खेड्यातल्या शाळेत गुरुजींनी त्यांना मागच्या खोलीकडं नेलं, कुलूप काढलं. आत छतापर्यंत असलेच जाडे कॉम्प्युटर रचलेले, वर कोळ्यांची जाळी. "हे आमचेच," गुरुजी म्हणाले. "बंद पडून जमाना झाला. पण फेकता येत नाही, सरकारी यादीतून निर्लेखन झालं नाही अजून. सरकारनं यांना मेलं असं म्हटलंच नाही ना." गुरुजी गमतीनं बोलले होते. नागोराव मात्र त्या ढिगाकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बरं हाय त्याईचं." गुरुजींना घरची हकिकत माहीत होती. त्यांनी घाईनं कुलूप लावलं आणि चहाला थांबवलं.

आता या साऱ्यात सुरभीचं काय, ते सांगायला हवं, कारण खरा जीव अडकला होता तो तिथंच. पोरगी यंदा पहिलीत गेली. शेजारच्या मैत्रिणीचा बाप पुण्याला कंपनीत आहे, तो रोज फोनवर दिसतो आणि बोलतो. सुरभीनं ते बघितलं आणि घरी येऊन विचारलं, "आबाजी, माह्या पप्पाचा आवाज कसा होता?"

फोटो होते घरात. भिंतीवर मोठा फोटो, लग्नाचा अल्बम, सारं होतं. आवाज नव्हता. दीपाकडं तेव्हा साधा बटणांचा फोन. त्यात काय राहणार? नागोरावांना मात्र प्रश्नाचं दडपणच आलं नाही, उलट ते खुलले. पोरीला मांडीवर घेऊन म्हणाले, "अवं, तुह्या पप्पाचा आवाज तं आपल्या घरातच हाय! सरांच्या कॉम्प्युटरात. कुलूप हाय त्याले. मी काढून आणतो, मंग तू रोज आयक." पोरगी टाळ्या पिटत गल्लीभर सांगून आली. दीपा चुलीपाशी होती. तिची भाकर तव्यावरच करपली, एवढंच नागोरावांच्या लक्षात आलं.

कुलूप काढणारा माणूसही त्यांना आठवला होता. रामधन राठोड. जवळच्या तांड्यावरचा पोरगा, इंद्रजितचा पहिल्या वर्षीचा विद्यार्थी. आता यवतमाळला, लोहाऱ्याच्या रस्त्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नागोरावांनी ठरवलं, सरांचा कॉम्प्युटर घेऊन रामधनकडं जायचं, पोराचं बोलणं बाहेर काढायचं, आणि मग कॉम्प्युटरांना कुठं जागा मिळते का तेही त्यालाच विचारायचं. दीपा म्हणाली, "ऊन लय हाय मामाजी, पाऊसपाणी झाल्यावर जा." मग म्हणाली, "मी विचारतो ना त्याले फोनवर." मग म्हणाली, "एवढं वजन कसं नेसान?" नागोराव कुणाचं ऐकतात! गोधडीत गुंडाळून, दोरीनं बांधून, छातीशी धरून ते सकाळच्या बसमध्ये चढले. ओळखीचा कंडक्टर म्हणाला, "काकाजी, याचं अर्धं तिकीट फाडू का?" सारी बस हसली. नागोरावही हसले. खिडकीशी त्याला बसवलं, स्वतः बाजूला बसले आणि यवतमाळपर्यंत त्याच्यावर हात ठेवून होते.

रामधन पाहिल्याबरोबर उठून पाया पडला. दुकानात माणसं होती, त्यांना थांबवलं. गोधडी सोडली, काचेवर हात फिरवला. "सरांचा हाय ना हा? या कोपऱ्यात टवका होता, तो माह्याच हातून गेलता. सर काहीच बोलले नाही." आणि नागोरावांनी घरचा पेच सांगितल्यावर म्हणाला, "काकाजी, हा एक मी लावून देतो. एका कापसाच्या जिनिंगच्या गेटावर कॅमेऱ्याचं चित्र पाहाले पडदा पाह्यजे, मालक म्हणे जुना असला तरी चालंन. बाकीचे कोणी घेणार नाही, खोटं कायले सांगू. पण भंगारात फोडू देऊ नका. त्या काचेत शिसं असते, जहर हाय ते. नागपूरची गाडी येते माह्याकडं, ते लोक नीट उलगडून घेतात. मीच घेऊन जातो."

नागोरावांचं मन भरून आलं. एकाला तरी घर मिळालं! म्हणाले, "दे बापा, खुशाल दे. पण आंधी याचं कुलूप काढ अन् पोराचं बोलणं मले काढून दे. सुरभी वाट पाहून राह्यली."

"कोणतं बोलणं?"

नागोरावांनी सांगितलं. खुर्चीतला इंद्रजित, काचेतला इंद्रजित, धडे, पासवर्ड, सारं. रामधननं काचेवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "काकाजी, याच्यात काही नसते. हा नुसता मॉनिटर. पडदा हाय पडदा. जे काही बोललेलं, लिहिलेलं असते ते खालच्या पेटीत राह्यते."

"खालच्या पेटीत? ते तं स्टॅबिलायझर."

"नाही काकाजी. तोच कॉम्प्युटर."

नागोराव त्याच्याकडं बघत राहिले. दुकानात पंखा फिरत होता, एक माणूस फोनवर बोलत होता, आणि यांच्या कानात काही शिरेना. आयुष्यभर ज्यानं इंजिनाच्या बाजूला बसून गाडी चालवली, ज्याला बॉनेटवर हात ठेवला की आतलं दुखणं कळायचं, त्यानं काच पुसत ठेवली आणि इंजिन उचलून देऊन टाकलं होतं. "मी देल्ल्या त्या," ते म्हणाले. "पहिल्या स्मृतिदिनाले. भंगारवाल्याच्या गाडीवर. माह्या हातानं."

रामधनच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही देल्ल्या? वहिनी तं म्हणे चोरीले गेल्या!"

बोलून चुकला बिचारा. जीभ चावली, पण नागोरावांनी त्याचा हात धरला तो सोडीनात. मग सांगावंच लागलं. स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी दीपा त्याच्याकडं आली होती, पोरीला कडेवर घेऊन. घरात चोरी झाली, पेट्या गेल्या, त्यात सरांचं सारं आहे, म्हणाली. रामधननं फोन फिरवले, माग काढला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका भंगाराच्या गोदामापर्यंत दोघं जाऊन पोचले. पेट्या सापडल्याही. पण त्या फोडून झाल्या होत्या, आतलं तांबं वेगळं, पत्रा वेगळा, बाकीचं पुढं गेलेलं. "वहिनी तिथंच खाली बसल्या," रामधन म्हणाला. "किती तरी वेळ उठल्याच नाही. मंग मले म्हणे, भाऊ, मामाजीले काही सांगजा नोका. म्हाताऱ्या माणसाले चोरीचा धसका बसंन."

नागोरावांनी सरांचा कॉम्प्युटर तिथंच सोडला. गोधडीची घडी घातली, काखेत धरली आणि बसस्टँडवर आले. त्या प्रवासाचं काय सांगू! माणूस रडला असता तर बरं झालं असतं. तो रडला नाही. कळंबपर्यंत गोधडी मांडीवर धरून बसला आणि एकच गोष्ट मनात घोळवत होता, की रोज सकाळी मी तो फडका घेऊन खोलीत जात होतो, तेव्हा सून चुलीपाशी बसून काय बघत असंल?

घराशी आले तर सुरभी ओट्यावरच. "आबाजी, आणला?" दीपा तिच्या मागून लगबगीनं आली. सासऱ्याच्या हातात नुसती गोधडी आणि तोंडावरचा तो रंग, तिला काय ते कळलं. आणि काय बाई म्हणावी ती! त्या क्षणालाही ती पुढं झाली आणि पोरीला म्हणाली, "नाही वं निघालं बेटा. पासवर्ड नसला का आपोआप पुसलं जाते ते. कोणाचीच चुकी नाही."

तेवढ्यावर निभावलं असतं. नागोरावांनी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण ते ओट्यावर बसले, पोरीला समोर उभं केलं आणि म्हणाले, "तुही माय खोटं बोलून राह्यली, सुरभी. ते पुसलं नाही गेलं. आबाजीनं फेकलं. आबाजीले समजलं नाही, अन् त्यानं तुह्या पप्पाचा आवाज भंगारात देल्ला."

सुरभीनं आईकडं बघितलं. पोरगी रडली नाही, ओरडली नाही. आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून गादीवर पडून राहिली.

"मले काहून नाही सांगतलं, दीपा?" नागोरावांनी विचारलं.

"सांगून काय भेटलं असतं? तुमचा पोरगा गेलता."

"तुहा नवरा नोता का तो?"

तेव्हा कुठं दीपाचा बांध फुटला. इतकी वर्षं मूग गिळून बसलेली बाई घडाघडा बोलली. "होता ना! मले राग नाही आला असं वाटते तुम्हाले? लय राग आला. वरीसभर तुमच्या ताटात वाढताना तुमच्या तोंडाकडं नाही पाह्यलं मी. तुम्हाले वाटलं, नवरा गेला म्हणून गुपचूप राह्यते. एक दिवस ठरवलं, आज सांगतोच. आली खोलीत, तं तुम्ही काच पुसून राह्यले अन् त्या कॉम्प्युटरसंग बोलून राह्यले. 'जेवला का' म्हणून विचारत होते त्याले. मंग कोण्या तोंडानं सांगू? सांगतलं असतं तं मले दोन मयती पाहा लागल्या असत्या या घरात."

नागोरावांनी दोन्ही हात जोडले. सुनेपुढं सासऱ्यानं हात जोडावे, असं होत नाही आपल्याकडं. दीपानं ते हात धरून खाली केले आणि दोघं तिथंच बसून रडली, गल्लीतून जाणारे-येणारे बघत होते तरी रडली.

सुरभी आबाजींशी बोलेना. त्यांच्या ताटात जेवायची, ते बंद झालं. शाळेत सोडायला ते निघाले की आईचा हात धरायची. लहान पोरांचा रुसवा दुपारपर्यंत टिकत नाही म्हणतात. हिचा दिवसामागून दिवस टिकला. नागोरावांनी गोळ्या आणल्या नाहीत, मनधरणी केली नाही. "बरोबर हाय तिचं," एवढंच म्हणायचे. सकाळी वंदना झाली की उठायचे, फडक्याकडं हात जायचा, आणि पुन्हा खाली बसायचे.

मग रामधन टेम्पो घेऊन आला. नागोरावांनी कुणाला हात लावू दिला नाही, एकेक मॉनिटर स्वतः उचलून दिला. मागची बाजू जड, काच समोर. म्हातारा प्रत्येक वेळी वाकला, प्रत्येक वेळी थांबून श्वास घेतला. रामधन म्हणाला, "काकाजी, एखादा ठेवा. आठवण म्हणून." नागोराव म्हणाले, "कायची आठवण, बापा? त्याच्यात काही नोतंच." टेम्पो गेला. खोली एकदम मोठी दिसायला लागली. दीपानं झाडू घेतला, मशिनी दुपारी येणार होत्या. नागोराव रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे होते, हात कुठं ठेवावे ते न कळून.

सुरभी दारात आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "आबाजी, तुम्ही आयकला होता ना पप्पाचा आवाज?"

"व्हय माय. रोज आयकला."

"मंग तुम्ही बोलून दाखवा ना. पप्पा क्लासमध्ये काय म्हणत होते?"

नागोरावांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जीव आला. अरे, हे तर सोपं होतं! हे सुचलंच नाही! ओट्यावर बसून त्यांनी तो क्लास वर्षानुवर्षं ऐकलेला. ते खाली बसले, पोरीला जवळ घेतलं, डोळे मिटले. इंद्रजित दिसला. चष्मा दिसला, खडूचा हात शर्टाला पुसायची सवय दिसली, हसताना एका बाजूला पडणारी खळी दिसली. तो पोरांना म्हणतोय, घाबरू नका, चुकलं तर चुकू द्या, पुन्हा करू. शब्द सारे आठवत होते. ओठ हलताना दिसत होते. नागोराव आवाजाची वाट बघत राहिले. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. मग उघडले आणि दीपाकडं बघितलं, की ही तरी आठवण करून देईल. दीपा झाडू धरून उभी होती. तिनं मान खाली घातली.

"बोला ना, आबाजी."

नागोरावांनी घसा खाकरला. सारा जोर लावून, जितका गोड काढता येईल तितका गोड आवाज काढून म्हणाले, "घाबरू नका मुलांनो. चुकलं तर चुकू द्या. पुन्हा करू."

सुरभी कान देऊन ऐकत होती. मग तिनं नाही म्हणून मान हलवली. "हा तं तुमचाच आवाज हाय, आबाजी."

"व्हय माय," नागोराव म्हणाले. "माहाच हाय."